पाचवी शीट

नागपूरच्या मिहानमधल्या माझ्या ऑफिसातून मला दरवर्षी कुठल्या ना कुठल्या इंजिनियरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांशी बोलायला पाठवतात. विषय ठरलेला: यशस्वी विद्यार्थ्याच्या सवयी. मी सांगते, रोजचं काम रोज करा, कळलं नाही तर विचारा, दुसऱ्याचं उतरवू नका. मुलं बिचारी वहीत लिहून घेतात. या सवयी मला एका मुलीवरच्या रागातून लागल्या, हे मात्र मी तिथे सांगत नाही.

ती माझ्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर बसायची. वर्गात पहिली, अक्षर मोत्यासारखं, सरांची लाडकी. ड्रॉइंगच्या शीट आम्ही सगळ्याच तिच्यावरून छापायचो. याला कॉलेजात जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, म्हणतात. तयार शीट काचेवर लावायची, तिच्यावर कोरा कागद, मागून उजेड, आणि दिसेल ती रेघ गिरवायची. मुलांच्या होस्टेलात काचेखाली बल्ब लावत. आमच्या गर्ल्स रूमची खिडकी पश्चिमेला होती आणि नागपूरचं ऊन फुकट होतं.

एकदा तिच्या शीटमध्येच चूक निघाली. सरांनी ती माझ्या कागदावर पकडली, कारण गठ्ठ्यात माझी शीट सगळ्यात वर होती. कोणाची उतरवली, त्यांनी विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, हिनं माझ्या बॅगेतून न विचारता काढून घेतली." आदल्या दिवशी तिनं ती स्वतःच्या हातानं मला दिली होती, वर कोपरे दुमडू नको म्हणून बजावलंही होतं. स्वतःची शीट अजून तिच्याकडेच होती, सरांनी दाखवलेली चूक तिनं त्याच तासाला दुरुस्त करून टाकली.

सरांनी वडिलांना बोलावलं. माझे वडील हिंगण्याला एका कारखान्यात फिटर. अर्धी रजा टाकून कंपनीच्या कपड्यांतच आले. सरांनी त्यांना वर्गाच्या दारात उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं की घरी कोणी शिकलेलं नसलं की पोरं चोऱ्या करतात. वडील हात जोडून उभे होते. ती पेन्सिलीला टोक करत होती, तिनं मान वर केली नाही. हिला याच वर्गासमोर चोर ठरवल्याशिवाय राहायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

परत जाताना वडिलांनी मला गाडीवर मागे बसवलं. मग म्हणाले, "ड्रॉइंग तं मी कंपनीत रोज वाचतो. तुले येत नव्हतं, तं मले काहून नाही विचारलं?"

वडिलांना हे येत असेल, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याची लाज वाटली, आणि त्या लाजेचा रागही मी तिच्याच खात्यावर टाकला.

त्या रविवारपासून शिकवणी सुरू झाली. वडील बाद झालेला एखादा लोखंडी तुकडा आणून माझ्या हातात द्यायचे. तो फिरवून पाहायचा, डोळे मिटून चाचपायचा, मगच पेन्सिल उचलायची. चुकलं तर खोडरबर नाही, नवा कागद. सोमवारी सगळ्यांच्या आधी माझी शीट सरांच्या टेबलावर जायला लागली. लोकांना वाटलं, पोरगी सुधारली. मी डूख धरून होते.

पुढच्या सेमिस्टरला तीच माझ्याकडे शीट मागायला आली. तेव्हा कळलं, तिनंही आजवर एकसुद्धा शीट स्वतः काढलेली नव्हती. चुलतभावाच्या जुन्या शीटवर तिचं चाललं होतं आणि यंदा प्रश्न बदलले होते. मी हसून दिली. दोनदा अगदी बरोबर दिली, भरवसा बसावा म्हणून. तिसऱ्यांदा दोन शीट काढल्या. बरोबर होती ती सरांसाठी ठेवली. तिला दिली तिच्यात एक होल जास्तीचं काढलं. पुस्तकातल्या आकृतीकडे एकदा जरी पाहिलं असतं तरी तिला ते कळलं असतं.

सरांनी विचारलं, हे होल आलं कुठून. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी माझी शीट उघडली, त्यात होल नव्हतं. मग त्यांनी तिला तीच आकृती फळ्यावर काढायला लावली आणि ती हातात खडू घेऊन नुसती उभी राहिली. चोर हा शब्द सरांनीच वापरला. वाटलं होतं त्याहून मला तो गोड लागला, खोटं कशाला सांगू.

तिच्या सगळ्या शीट रद्द झाल्या. महिनाअखेर नव्यानं काढून दिल्या नाहीत तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्गात स्वतः शीट काढणारी मी एकटीच, म्हणून ती माझ्याकडेच आली आणि म्हणाली, "मले शिकवशील का वं?" मी हो म्हटलं. ती चुकताना मला जवळून पाहायचं होतं.

रविवारी ती घरी आली. वडील ओव्हरटाइमला गेले होते. मी तिच्या हातात लोखंडी तुकडा दिला. पहिली शीट चुकली, मी फाडली. दुसरी, तिसरी, चौथीही फाडली. फाडताना चूक सांगत होते, त्यामुळे ते शिकवण्यासारखंच दिसत होतं. पाचवी बरोबर आली, रेघ न् रेघ. मी तीही फाडली. ती माझ्याकडे बघत राहिली. बरोबर होती, हे तिलाही समजलं होतं.

तेवढ्यात वडील आले. चपला काढता काढता त्यांनी खालचे तुकडे उचलले आणि टेबलावर जुळवून पाहिले.

"हे तं बरोबर हाये. कोनं फाडलं?"

तिनं बोर्डाला नवा कागद लावला आणि म्हणाली, "माझ्याच हातून फाटलं, काका."

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले आणि दिवस मावळेपर्यंत तिला शिकवत राहिले. मला त्यांनी चहा ठेवायला सांगितलं. त्या पेपरात ती माझ्या पुढे गेली, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वडिलांसमोर तिनं मला वाचवलं, ते मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.