चालू इंजिनावर काढलेली तार

हे मी आजवर कोणापुढे बोललो नाही. ना मोर्चाच्या समितीत, ना घरी. दुसऱ्यांचा खोटेपणा चव्हाट्यावर मांडताना माझी जीभ कधी अडखळली नाही — स्वतःचा मात्र पाच वर्षं दडवून ठेवला. संताप येतो. कोणाचा येणार? माझाच!

भूमिहीनांच्या मोर्चासाठी आम्ही एक जुना ट्रॅक्टर मागून आणला होता. भाषणाचा भोंगा त्याच्याच बॅटरीवर. पण डायनॅमो चार्ज करत नव्हता, बॅटरी तासाभरात बसायची. लकडगंजातल्या शामराव मिस्त्रींनी — आमच्याच वस्तीतले ते — डायनॅमोचे झिजलेले कार्बन बदलले, पट्टा ताणला, चार्जिंगच्या मीटरचा काटा हलवून दाखवला. "आता बोल गा सांजवरी," म्हणाले, "आयकणारे थकतीन, बॅटरी नाही थकत."

मला पुरावा हवा होता. पेट्रोलच्या जीपवाले चालू इंजिनावर बॅटरीची तार काढतात. इंजिन बंद पडलं नाही तर डायनॅमो ठीक, म्हणतात. मोर्चाच्या सकाळी मी तेच केलं. अरे, डिझेलचं इंजिन ते, त्याला विजेची ठिणगी लागतच नाही — डायनॅमो मेलेला असला तरी चालतंच! एवढी अक्कल कुठे होती? डायनॅमो आणि बॅटरीच्या मधे असते त्या कटआउटच्या डबीतून जळका वास आला. काटा शून्यावर. मी तार परत लावली, हात पुसले, मोर्चाला निघालो.

चौकात माझ्या भाषणाच्या मधोमध भोंगा मेला. लोक हसले. आणि मी काय केलं? ओरडलो — मिस्त्री फितूर, जमीनवाल्या मालगुजारांनी फोडला! दुसऱ्या दिवशी पत्रक छापलं. शामरावांच्या नावानिशी.

ते पत्रक हातात घेऊन शामराव आले. "चालू इंजिनवर तार काहाडली होती का गा कोणी? कटआउट असा आपोआप नाही जळत. मले एवढंच सांग."

"नाही," मी म्हणालो. चार कार्यकर्त्यांदेखत. वरून सुनावलं — "काम बिघडवलं तुमी, अन् आता बहाणे करून राहिले?"

वस्तीनं त्यांच्याकडे जाणं सोडलं. दुकान उठलं. दोन महिन्यांनी ते कोराडीच्या बसमध्ये चढताना दिसले — वीजकेंद्रातली राख गाड्यांत भरायच्या कामावर. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून मोटारीचं दुखणं कळायचं, तो! मला पाहून त्यांनी हात वर केला. "जय भीम."

आणि मी — अन्यायाविरुद्ध घसा फोडणारा मी — तितक्याच मोठ्यानं "जय भीम" म्हणालो. बस गेली.