म्हातारीचे लाड

संशोधन केंद्रावर मुकादम मामांना सगळे टरकून असत. पेरलेल्या वाफ्यात कुणाचा पाय पडला, तर मामा लांबूनच त्याची खरडपट्टी काढत. पण गव्हाच्या एका जुन्या वाणापुढे हा कडक माणूस लोण्यासारखा मऊ व्हायचा. त्या वाणाला ते 'म्हातारी' म्हणत.

नवे वाण कितीने सरस, हे ठरवायला म्हातारीला दर हंगामात त्यांच्या शेजारी पेरत. तिचं बियाणं दर वर्षी तेच, म्हणून मोजमाप तिच्याशी. पाहुणे आले की सगळे नव्या वाणांचं कौतुक करत. म्हातारीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. मामांच्या ते फार जिवाला लागायचं.

यंदा मात्र नवे वाण काढणाऱ्या ताईंचं काही खरं नव्हतं. इतकी वर्षं खपून काढलेला त्यांचा वाण म्हातारीच्या पुढे जाईना, आणि सुधारणा दिसली नाही तर गव्हाचं काम बंद, असं समितीने बजावलेलं. ताई जेवणाचा डबा न उघडताच घरी नेत. मामांना ते बघवत नव्हतं.

एक दिवस केंद्राचे आकडेवाले साहेब मामांना शोधत बांधावर आले.

"मामा, आमचं गणित हवामान, जमीन, खत यांचा वाटा बाजूला काढतं. उरतो तो वाणाचा गुण. बाकी सगळ्या केंद्रांवर म्हातारीचं उत्पन्न आहे तिथेच आहे. आपल्याकडे मात्र दर वर्षी तरुण होतेय. तुम्ही काही करता का?"

"करतो की!" मामा खुलले. "सगळ्यांचं झालं की तिला थोडं जास्त पाणी, दर वर्षी आणखी थोडं. खुरपणीही माझ्या हातची. तिला दुसरं आहे कोण?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही फूटपट्टीच ताणलीत! ताईंचा वाण खुजा दिसतोय तो त्यामुळे."

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. ते तसेच ताईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि वही उघडून जुने आकडे पुन्हा तपासायला घेतले. चार शिव्या परवडल्या असत्या, असं मामांना झालं.

समितीने आणखी एक हंगाम दिला. मामा म्हणाले, "मला गोदामात टाका. वाफ्यावर नुसता नंबर लावलात तरी पान बघून मी तिला ओळखणार, आणि मग माझा हात काही राहायचा नाही." जन्म शेतात गेलेल्या माणसाने तो हंगाम पोती रचत काढला.

कापणी झाली, वजनं झाली. साहेबांचं गणित या वेळी स्वच्छ बोललं: ताईंचा वाण चांगलाच पुढे होता. काम वाचलं. ताई धावतच गोदामात आल्या, तर मामा पोत्यावर मान खाली घालून बसलेले.

"रागावलात, मामा?"

"छे हो. तुमचं भलं झालं, भरून पावलो. पण म्हातारी पार मागे पडली की."

ताई त्यांच्याशेजारी बसल्या. "अहो, माझा वाण तिच्याच पोटचा आहे. तिच्यापासूनच काढलाय मी."

मामा ताडकन उठले. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज चढला.

"मग हे आधी नाही का सांगायचं, ताई? त्यालाही पाजलं असतं की!"