माझ्या पिकअपचं स्टिअरिंग आणि गावभरचे शहाणे

जुनी गाडी दारात असली की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. बाप्ये ते घरपोच आणून देतात! आमची फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली पिकअप सासऱ्यांच्या वेळची. सायखेड्याला नदीकाठच्या चिखलातून टोमॅटोचे क्रेट तीच काढते, आणि चालवते मी. यंदा तिचा स्टिअरिंग बॉक्स गेला, म्हणजे चाकं वळवणारी पेटीच झिजली. धाकटे दीर लगेच म्हणाले, "भंगारात घाला!"

आणि क्रेट मी काय डोक्यावर आणायचे?

* * *

गाडी नाशिकला गॅरेजात नेली. मी चालवत नेली, नवरा शेजारी बसून. तर मिस्त्री विचारतो कुणाला? ह्यांना! "साहेब, स्टिअरिंग कुठं ओढतं?"

ह्यांना सायकल धड येत नाही. हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "डावीकडं ओढतंय."

मिस्त्री परत ह्यांनाच, "डावीकडं का, साहेब?"

मी काय गाडीतला रेडिओ होते का?

* * *

मग मिस्त्री म्हणे, "जुन्या गाडीत एवढं ढिलं चालतंच, वहिनी."

चालतं? म्हटलं, बसा शेजारी! या खांबाशी स्टिअरिंग फिरवलं तर गाडी विचार करून पुढच्या खांबाशी वळायची. समोरून ट्रक आला तशी मिस्त्रीनं डॅशबोर्डला मिठीच मारली.

उतरला तो घामाघूम होऊन. म्हणाला, "साहेब, बॉक्स बदलावाच लागेल!"

साहेब कोपऱ्यावर चहा पीत होते!

* * *

असला बॉक्स आता नवा मिळत नाही. मिस्त्रीनं मालेगावच्या जुन्या स्पेअरवाल्याकडून मागवला. तो फोनवर अहिराणीत छातीठोक, "ताई, एकदम ओरिजनल शे!"

बॉक्स बसला. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी स्टिअरिंग डावीकडं फिरवलं आणि गाडी गेली उजवीकडं! थेट मिस्त्रीच्या मोटरसायकलवर! बॉक्स निघाला डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीचा. सगळंच उलटं.

मिस्त्रीला लाज वाटली असेल? छे! "आठवडाभर चालवा वहिनी, हाताला सवय होऊन जाईल!"

मी म्हटलं, "चालवा की तुम्हीच! मागं बायकापोरं बसवा आणि घ्या सवय करून!"

दुसऱ्या दिवशी बरोबर बॉक्स आला. आता गाडी एका बोटानं वळते.

* * *

मी गाडी घेऊन थेट मळ्यात गेले, तर मागोमाग दीर भंगारवाल्याला घेऊन हजर. मला न विचारता! भंगारवाल्याच्या नव्याकोऱ्या पिकअपमधून दोघं ऐटीत आले आणि काळ्या मातीत रुतले. जेवढा एक्सिलेटर दाबतील तेवढी गाडी खाली.

"वहिनी, जरा ओढा की!"

बांधला दोर. फोर व्हील टाकलं आणि एका दमात दोघांना गाडीसकट बाहेर काढलं. रस्ता लागला तसे दीर मागून ओरडले, "बास वहिनी! झालं!"

मी कशाला थांबते? मारुतीच्या पारासमोरून, बाजारातून, गावातलं एकेक वळण घेत निघाले. पारावरचे म्हातारे उठून उभे राहिले. दीर खिडकीतून अर्धे बाहेर, तोंड लालबुंद. "अहो वहिनी, लोक बघतायत! थांबवा ना गाडी!"

मी मान बाहेर काढली.

"भंगार हाय हो भाऊजी! थांबती कुठं!"