समुद्राआधीचे दरवाजे

नाशिकला आईच्या अस्थी गोदावरीत सोडताना गुरुजी म्हणाले होते, "आता त्या समुद्राला मिळतील." या उन्हाळ्यात आम्ही आंध्रात, गोदावरीच्या मुखाकडे गेलो. समुद्राआधीच्या शेवटच्या बंधाऱ्याचे सगळे दरवाजे बंद होते. अलीकडे जलपर्णीत अडकलेलं प्लास्टिक, पलीकडे कोरडी वाळू.

"अहो, आई पोचल्या असतील का?" बायकोने हळूच विचारलं.

मी वाटेतली धरणं आठवू लागलो आणि तेवढ्यानेच दमलो. रेल्वेत झोपून आलो, तरी माझीच कंबर धरली होती.

"इथेच असेल," मी म्हणालो. "किल्ली कधी न्यायची नाही. कडी वाजवत दारात उभी राहायची, आठवतं ना?"

"मग थांबू या थोडं," ती कठड्याला टेकत म्हणाली. "दार उघडेल तेव्हा घरचं कोणीतरी हवं."