तेलाची परतीची वाट

माझी आत्या उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला लागते. ड्रिलिंग मशीनसमोर उभं राहायला तिला पायाखाली फळकूट लागतं, आणि ते कोणी हलवलं तर त्या दिवशी त्या माणसाची खैर नसते. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये ती छत्तीस वर्षं आहे. एकोणिसाव्या वर्षी सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायला लागली. एक दिवस मशीनवरचा कारागीर आला नाही म्हणून तिने मशीन हातात घेतलं, ते आजतागायत सोडलेलं नाही. तिथे सगळे तिला 'सूतभर' म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तिचं दर दुसरं वाक्य 'सूतभर इकडे सरकव' असं असतं. लग्नाचं विचारलं की म्हणते, "वेळ कुठे होता? इंजिनाच्या बोअरिंगचं काम लागलं होतं." स्पष्टच सांगते, ती गोड बाई नाही. मीही नाही. आमचं घराणंच तसं आहे.

मी जनावरांची डॉक्टर. आठवड्यातून दोनदा डोंगरावरच्या वस्त्यांची माझी फेरी असते. रस्ता चढतच राहतो आणि वर हवा विरळ होत जाते. माणसाला धाप लागते, तशी माझ्या गाडीलाही लागायची. गाडी जुनी, इंजिन लहान, टर्बो नाही. शेवटच्या चढावर ती अशी रडतखडत जायची की कडेने चालणारी शेळी मला मागे टाकायची आणि वर वळून बघायचीही. पोहोचायला तीन तास लागत. चार गोठे होईपर्यंत दिवस सरे आणि पाचवा राहून जाई. शेवटी ऑफिसातून कागद आला: तीन महिन्यांत फेरी वेळेत होऊ लागली नाही, तर ती बंद करून मला खालच्या दवाखान्यात बसवणार. म्हणजे वरच्या जनावरांना कोणीच वाली नाही. "दुसरी गाडी घ्या की," असं सुचवणारे पुष्कळ भेटले. दुसऱ्या गाड्या काय झाडाला लागतात?

आत्याने तो कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हवा कमी पडतेय ना तिला? मग कोंबू."

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. माझ्याच गाडीचा टर्बोवाला भाऊ पूर्वी निघत असे, आणि तसलं एक इंजिन भंगारात पडलेलं आत्याने हुडकून काढलं. त्याचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य बिडाचा ठोकळा, तडकलेला होता. पण टर्बो धडधाकट होता. हा पंखा इतक्या वेगाने फिरतो की त्याला सतत ताजं तेल लागतं. एक बारीक नळी तेल आणणारी, एक जाड नळी तेल परत नेणारी. आणणारी नळी आत्याने इंजिनातल्या दाबाच्या तेलावर जोडली. नेणारी तिने खालच्या चेंबरला भोक पाडून वेल्डिंगने बसवली. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेलं तेलाचं भांडं. पत्र्याचं असतं, काम सोपं. गावाबाहेरच्या रस्त्यावर आम्ही गाडी पळवून पाहिली. मस्त पळाली. मी आत्याला मिठी मारली आणि तिने "अंगाला ग्रीस लागेल" म्हणत मला ढकलून दिलं.

पुढच्याच आठवड्यात वरच्या वस्तीतून निरोप आला की गाय अडली आहे. येते असं कळवून मी निघाले. शेवटच्या चढाला लागले आणि मागे पांढऱ्या-निळ्या धुराचे लोट उठले. मग टर्बो किंचाळला, इंजिन गचके खाऊ लागलं आणि गाडी बसली. बॅग पाठीला मारून मी उरलेला चढ पायी चढले. दोन तास लागले. गाय माझ्या पोहोचण्याआधी गेली होती, वासरू तिच्या पोटातच.

गायीची मालकीण पन्नाशीची असेल, एकटी राहणारी. ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही येताय म्हणाला होतात, म्हणून मी दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. आता येत जाऊ नका, डॉक्टरबाई." मी बॅग उचलून उतरले. त्या दिवसाइतकी लाज मला आयुष्यात कधी वाटलेली नाही.

गाडी ओढून आणली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि जेवायलाही गेली नाही. तिने चेंबर सोडवला, त्यात मापाने तेल ओतलं, आणि त्याच्या पुढच्या बाजूखाली लाकडी ठोकळे सरकवत त्याला त्या घाटाइतका चढ दिला. तेल मागे गोळा झालं. परतीच्या नळीचं तोंड मागच्याच बाजूला होतं. ते तेलात बुडालं. टर्बोतून खाली येणारं तेल आपल्या वजनाने गळतं, त्याला मागून कोणी ढकलत नाही. तोंड बुडालं की ते तुंबतं, आणि तुंबलं की टर्बोतून धुरात उतरतं.

"सपाट रस्त्यावर तपासलं मी," ती म्हणाली. "चढावर चढायची गाडी, आणि मी सपाट रस्त्यावर तपासली."

मालक जवळ आला. हा तिने चड्डीत पाहिलेला मुलगा, आता वर्कशॉप त्याचं आहे. "जाऊ द्या ना मावशी. टर्बो काढून टाका, विषय संपवा."

"टर्बोची चूक नाहीये, माझी आहे. मला काढून टाक हवं तर."

त्यावर तो निघून गेला. छत्तीस वर्षांत तिचं काम असं परत आलेलं त्यानेही पाहिलं नव्हतं.

आता परतीची नळी चेंबरच्या वर, थेट ब्लॉकमध्ये न्यायची होती. भंगारातल्या ब्लॉकला कुशीत उंचावर तसं भोक होतंच. आमच्या ब्लॉकवर बरोबर त्याच जागी नुसता उंचवटा होता. कंपनीने दोघांना एकच साचा वापरला होता; टर्बोवाल्याला भोक पाडलं, आमच्याला बंद ठेवलं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या उंचवट्याच्या मागून इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट जाते. ड्रिल जरा तिरपं गेलं की पाणी तेलात, आणि ब्लॉक भंगारात. तसे ब्लॉक आता निघत नाहीत. कागदावरची मुदत संपायला सतरा दिवस उरले होते.

"आत्या, राहू दे," मी म्हणाले. "खालच्या दवाखान्यातही जनावरंच असतात."

"तुझं ठीक आहे. वरच्यांनी काय करायचं?"

तिने कंबर कसली. भंगारातला ब्लॉक करवतीच्या मशीनवर चढवून त्या भोकातूनच उभा चिरला, भिंतीच्या आतलं डोळ्यांनी दिसावं म्हणून. भोक आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये सूतभरही बीड नव्हतं. ते बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिने मात्र नुसती मान हलवली. अर्ध्या भोकात सळई ठेवून तिने त्याचा कल मोजला आणि त्या कोनाची लाकडी पाचर तासली. पहिली पाचर फेकली, दुसरी फेकली. तिसरी घेऊन त्याच चिरलेल्या तुकड्यांवर सात भोकं पाडली. सातवं तिला पटलं. यात नऊ दिवस गेले. संध्याकाळी घरी जाताना ती एक अक्षर बोलत नसे, आणि मीही डिवचत नसे, हे आमच्यासाठी फारच झालं.

दहाव्या दिवशी आमचा ब्लॉक, पार नागवा केलेला, पाचरीवर कसून बांधला. बिडाचा चुरा आत राहिला तर बेअरिंगं खाऊन टाकतो, म्हणून तिने इंजिनात एक स्क्रूही ठेवला नव्हता. उजेड धरायला माझ्याकडे बॅटरी दिली आणि बजावलं, "हात हलला तर बाहेर जायचं."

आधी बारीक ड्रिल लावलं. काळी पूड गळायला लागली. दोन फेरे, थांब, पुसून बघ. दोन फेरे, थांब. मग त्याहून जाड, मग त्याहून जाड. ती डोळ्यांत तेल घालून बघत होती आणि ओठ असे मिटलेले, की श्वास घेते की नाही कळेना. एकाएकी ड्रिल हलकं झालं आणि आत उतरलं. पार झालं होतं, पण कुठे? आत्याने मशीन बंद करून भोकात करंगळी घातली. "इंजिनात," ती म्हणाली. "बाजूची भिंत टिकली का ते आता पाणी सांगेल."

पाण्याच्या वाटा पत्रा लावून बंद केल्या, पाणी भरलं, आणि आम्ही दोघी दोन तास त्या भोकासमोर स्टुलावर बसलो. जीव टांगणीला लागणं कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. तासाभराने मला भोकाच्या काठावर ओल दिसली. मी किंचाळलेच. आत्याने बोट फिरवलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"घाम आहे. तुझा. वाकून वाकून बघतेस ना, नाक पूस आधी."

दोन तासांनी भोक कोरडं होतं. तिने नळी फिरवून बसवायला भोकाला आटे पाडले, ब्लॉक तीनदा धुतला, दुसऱ्या खेपेचं पाणी स्वच्छ आलं तरी तिसऱ्यांदा धुतला. भाजलेल्या टर्बोचा दांडा नि बेअरिंगं बदलली. इंजिन जोडून गाडीत बसवायला आणखी सहा दिवस गेले. मुदतीचा एक दिवस शिल्लक होता.

त्या दिवशी ती शेजारच्या सीटवर येऊन बसली. छत्तीस वर्षं डोंगरावरच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण त्या डोंगरावर ती स्वतः कधी गेली नव्हती. शेवटच्या चढावर ती खिडकीतून मागे वळून धूर शोधत होती. नव्हता. चढाच्या मधोमध तिने मला थांबायला लावलं, इंजिन चालू ठेवून गाडीखाली शिरली, नळीभोवती बोट फिरवून आली. "चल." दीड तासात आम्ही वर होतो; फेरी वाचली होती. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण माझा आवाज चांगला नाही.

"त्या बाईचं घर कुठलं?" आत्याने विचारलं.

"नको गं. तिने येऊ नका म्हटलंय."

"परत आलेलं काम गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचं असतं."

"गिऱ्हाईक मी आहे ना?"

"वाट तिने बघितली होती."

गाडी मी तिच्या अंगणापाशी नेली. गायीची मालकीण दारात आली आणि मला बघून तिथेच थांबली. आत्याने बॉनेट उघडलं.

"ताई, जरा इकडे या."

ती आली, का कोण जाणे. आत्याने तिला नवी नळी दाखवली, जुनी कुठे होती ते बोटाने दाखवलं, तेल कसं तुंबलं ते सांगितलं. आणि मग म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टर उशिरा आल्या नाहीत. मी त्यांना उशीर केला. नळी मी बसवली होती आणि चुकीच्या जागी बसवली होती."

"गाय गेली माझी," बाई म्हणाली.

"हो," आत्या म्हणाली. "गेली."

बाई त्या नळीकडे बघत राहिली, मग आत्याच्या काळ्या पडलेल्या नखांकडे.

"आत दुसरी आहे," ती म्हणाली. "दीड महिन्याने व्यायची आहे. पहिलटकरीण आहे. तेव्हा येईल का गाडी?"

प्रश्न तिने मला नाही, आत्याला विचारला होता. आणि आत्या, जिने छत्तीस वर्षांत कोणत्याही कामाची 'चालवून बघा' यापलीकडे हमी दिली नव्हती, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "येईल. नाही आली, तर डॉक्टरला मी पाठीवर घालून आणीन."

बाईने गोठ्याचं दार उघडलं आणि मी बाह्या वर केल्या.