साडूंचं दुमजली विमान

विमानं बनवून माणसांना थक्क करणारे पुष्कळ असतील. पण नुसतं विमान निवडता निवडता माणसांना दमवणारा या भूतलावर एकच, आणि तो साडू म्हणून माझ्याच वाट्याला आला. ते धुळ्याला पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला, मी जळगावला. हातातल्या डब्याच्या दांड्या हलवून रेडिओवर उडवायची छोटी विमानं ते फार सुरेख करत. सावरीच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर जुन्या धोतराचं कापड. ती उडायचीही. तिथेच थांबले असते तर माझे कितीतरी रविवार सुखात गेले असते. पण त्यांच्या मनाने घेतलं की आता एक मोठं करायचं, पंखांवर माणूस आडवा झोपेल एवढं, आणि तेही अवघडातलं अवघड. "सोपं काय, कोणीही करेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायकोने केलेल्या पोह्यांनाही ते हेच म्हणत.

अधूनमधून जळगावला निरोप यायचा, 'विमान ठरलं, लगेच या.' मी एस.टी.त अंग आंबवून घेत धुळ्याला पोचावं, तर जमिनीवर विलायती मासिकं पसरलेली आणि विमान बदललेलं. नको म्हटलं तर ते दुप्पट समजावत, हो म्हटलं तर त्यांनाच शंका येई. एकदा पाण्यावर उतरणारं विमान पक्कं झालं होतं. मी म्हटलं, "अहो, तुमच्या पांझरा नदीत धुणं भिजेल एवढं पाणी नाही." तर म्हणाले, "म्हणूनच तर अवघड, जळगावकर!" पुढच्या खेपेला चार इंजिनांचं निघालं. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी, मासिकांच्या कडेकडेने केर काढत म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा चहा निवायच्या आत होकार दिला. आता कळतं, मी सोपी वाटले असणार."

या सगळ्यात एकाच माणसाला घाई होती, ती त्यांच्या अक्काला. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्यांना वाढवलं. ती नरडाण्याजवळच्या खेड्यात राहायची. साडू शाळकरी असताना तिथल्या कपाशीवर औषध फवारायला विमान आलं होतं. आदल्या दिवशी दवंडी पिटली होती, पाणी झाका, अन्न झाका, ढोरं घरात बांधा. अक्काने घरातलं सगळं झाकलं आणि भावाचा हात धरून बांधावर उभी राहिली. विमान म्हणजे तिच्या लेखी तेवढंच. "भाऊ, माले ते फवारणीनं विमान दखाड," ती दरवेळी म्हणायची. साडू हसत. "ते फार साधं शे, अक्का."

मग अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी माझा ताबा सुटला. "साडूबुवा, सोपं असो की अवघड, अक्कांना दिसतंय तोवर त्यांचं विमान करा," म्हटलं आणि चहा न घेता उठलो. लगोलग निरोप आला. गेलो तर चेहरा उजळलेला. "जळगावकर, हेच सगळ्यात अवघड निघालं!" पंखांवर पंख, मध्ये खांब, तारांचे ताण, आणि एकाही मासिकात त्याचा नकाशा नाही. होतं ते फक्त दोघा भावंडांच्या आठवणीत. मग प्रत्येक तुकडा घेऊन ते नरडाण्याची गाडी पकडू लागले. अक्का तो डोळ्यांजवळ धरायची, पुढे पुढे नुसता चाचपायची. "शेपटी आखो उच्ची व्हती," म्हणाली की साडू खुशाल शेपटी मोडून नवी करत. त्यांचा स्वभाव मला ठाऊक होता, तरी त्या शेपट्यांचा मला मनापासून राग यायचा.

पंखांवर कापड चढायच्या आत अक्काची नजर गेली. साडूंनी काम बंद केलं. मासिकंही उघडेनात. अक्कानेच निरोप धाडला, "तू उडाव. मी आयकसू."

कापूस वेचून झाल्यावर आम्ही ते दुमजली विमान तिच्या रानात नेलं. बांधावर खाटेवर अक्का, शेजारी पाण्याचा माठ. फवारणी पंपाचं पेट्रोल इंजिन फटफटलं, विमान धावलं, उचललं गेलं आणि कपाशीच्या वाळक्या पराट्यांवरून खालून खालून फिरू लागलं. साडू घामाने निथळत होते. आवाज डोक्यावर आला तशी अक्का ताडकन उठून बसली. चाचपडत तिने माठाचं तोंड पदराने झाकलं, वर दोन्ही हात दाबले आणि ओरडली, "बठ्ठं पानी झाका रे! विमान उनं!"

जमलेली माणसं हसली. मलाही हसू आलं. साडूंनी विमान उतरवलं, डबा माझ्या हातात दिला आणि खाटेपाशी जाऊन बसले. अक्काचे हात अजून माठावरच होते.

"गयं का रे?"

"गयं, अक्का."

तेव्हा तिने पदर काढला, पेला भरला आणि हाताने अंदाज घेत भावापुढे धरला.

त्यानंतर साडूंनी विमान निवडलं नाही. आता मीच धुळ्याला गेलो की विचारतो, "मग, पुढचं कोणतं?" ते म्हणतात, "बघू." मी परतीच्या एस.टी.त बसतो, आणि आता नुसत्या बसण्यानेच दमतो.