वाकळीखालची मशीन

सहा वर्षं मी ती मशीन वाकळीखाली झाकून ठेवली. स्वतःच्या आईपासूनसुद्धा. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, आणि शिव्या घालायला समोर माझ्याशिवाय कोणी नसतं.

आमचं घर सानगडीचं. तळ्यात शिंगाडा घ्यायचो. दसऱ्यापासून थंडी सरेपर्यंत आई पावशीपुढे, म्हणजे विळीपुढे, बसलेली असायची. उकडलेला शिंगाडा उजव्या अंगठ्यानं पात्यावर दाबायचा, टक, टक असे दोन आवाज यायचे आणि मग साल सुटायची. दिवसभर तेच. अंगठा काळा पडलेला, भेगाळलेला, हिवाळाभर पिकलेला. त्यावर हळदीची चिंधी बांधून ती पुन्हा बसायची. डॉक्टरनं बजावलं होतं, "हा अंगठा असाच कापत राहिला तर एक दिवस काढून टाकावा लागेल."

मी तेव्हा जवाहरनगरला कारखान्यात लेथवर होतो. म्हटलं, लोखंड कातणारा माणूस आपण, आईचा अंगठा वाचवता येत नाही म्हणजे काय! शिंगाडा सोलायची मशीन करायची ठरवली. दर शनिवारी घरी जायचं आणि मागच्या पडवीत बसायचं. दोन रूळ, त्यांवर सायकलची ट्यूब ताणलेली, बाजूला फिरवायचा दांडा. शिंगाडा वरून टाकला की खाली सोललेला पडायला हवा. पडायचा तो चेंदा! तरी पुन्हा रूळ बदल, पुन्हा ट्यूब बदल.

आणि झाकाझाकी! आमच्याकडे अर्धवट काम कोणाला दाखवत नाहीत, दृष्ट लागते. हत्यारांची पूजा दसऱ्याला, तेव्हा मशीनही पुरी करून दसऱ्यालाच पुजायची, असं मी मनाशी धरलं होतं. त्यात चोरीचं भय वेगळंच. कोणी पाहिली आणि आपल्याआधी पेटंट घेतलं तर? आई पडवीच्या दारात यायची. "मले पाहू त दे, काय करून राहिला?" म्हणायची. मी वाकळ ओढून घ्यायचो. "दसऱ्याले दाखवतो ना माय, जा तू." असे पाच दसरे गेले.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. जवाहरनगरला माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये ड्रॉइंग विभागातला एक जण राहायचा. वर्षानुवर्षं आम्ही एकाच बसनं ड्यूटीवर जायचो, शेजारी-शेजारी बसायचो, आणि मी त्याला मशीनचं अवाक्षर सांगितलं नव्हतं. सहाव्या वर्षी म्हटलं, अर्ज तरी टाकून ठेवावा, चेंदा मागाहून बघू. अर्जाला चित्र लागतं, म्हणून नाइलाजानं त्याच्याकडे गेलो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आधी पाहिलं का, कोणी केली हाय का अशी मशीन?"

मी हसलो. अक्षरशः हसलो! "शिंगाड्याची मशीन कोण करते बे? सायबाले शिंगाडा माहीत तरी हाय का?"

"अरे, नागपूरला सरकारी ऑफिस हाय. जुने पेटंट तिथं पाहाले भेटतात. मले आधी सांगितलं असतं त पहिल्याच साली घेऊन गेलो असतो."

गेलो. तिथल्या कारकुनानं नोंदी चाळल्या आणि दुपारच्या चहाच्या आधी माझ्यासमोर चार पानं ठेवली. शिंगाडा सोलण्याचं यंत्र! बिहारमधल्या कोणा माणसाचं. मी पहिला रूळ कातला त्याच्या कितीतरी आधीचं. माझं डोकंच फिरलं. शिंगाडा काय फक्त आपल्या झाडीपट्टीतच पिकतो, असं मी कुठल्या अकलेनं धरून चाललो होतो?

कारकून म्हणाला, "इसकी फीस नहीं भरी. पेटंट कब का खतम हो गया. अब कोई भी बनाओ."

म्हणजे चोरायला कोणी बसलंच नव्हतं. उलट घेऊन जा म्हणून वस्तू तिथं उघडी पडली होती, आणि मी पन्नास-साठ मैलांवर वाकळ पांघरून बसलो होतो! चित्रात रुळांच्या आधी दोन छोटी पाती होती. शिंगाड्याची दोन्ही शिंगं तिथं उडायची, मगच तो रुळांत जायचा. शिंगं होती म्हणून तर माझा शिंगाडा अडकून चेंदला जायचा. सहा वर्षं मी रुळांशी झटत होतो आणि खोट त्यांत नव्हतीच. मी तिथंच कपाळावर हात मारला. कारकून घाबरून पाणी घेऊन आला.

पंधरा दिवसांत मशीन झाली. दसऱ्याची वाट पाहिली नाही. वाकळ फेकली आणि आईला हाताला धरून पडवीत आणलं. डाव्या हाताला. उजवा अंगठा त्याच्या मागच्या हिवाळ्यात भंडाऱ्याच्या दवाखान्यात मुळापासून काढला होता.

तिनं डाव्या हातानं दांडा फिरवला. टक, टक, आणि खाली अख्खा, पांढरा शिंगाडा पडला. ती वाकून त्या दोन पात्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"शिंगं त आधीच छाटा लागतेत," ती म्हणाली. "मी काय करून राहिली होती मंग इतके साल? मले पाहू देल्लं असतं त सांगितलं नसतं का, बाप्पा?"